इल मे प्ले: लेस्टर ते बातल्या, एका राणीच्या मागे सहा दिवस

पहिला दिवस, लेस्टर

भाचीच्या घरापासून किल्ल्यापर्यंत चालत गेलो. किल्ला म्हणण्यासारखं इथे आता फारसं उरलेलं नाही. मातीचा एक उंच गोल ढीग, त्यावर गवत, शेजारी सेंट मेरी द कॅस्ट्रोचं चर्च आणि जुना दरबारी हॉल, त्याचाही दर्शनी भाग नंतरच्या काळात विटांनी बांधलेला. मी वसईची. किल्ला म्हटलं की मला तट, बुरूज, समुद्राकडचा दरवाजा लागतो. तरी त्या ढिगाऱ्यासमोर बाकावर तासभर बसून राहिले. ३१ मार्च १३६० रोजी या किल्ल्यात फिलिपाचा जन्म झाला असं सांगतात, आणि तिच्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

तिची आणि माझी ओळख शाळेच्या वर्गात झाली. मुंबई आंदण दिल्याची गोष्ट मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवली. पोर्तुगालची कॅथरीन, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, १६६१ चा करार, आणि हुंड्यात आपली बेटं. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, याच्या आधी कधी उलट झालं होतं का? इंग्लंडची मुलगी पोर्तुगालला?’ मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं, तर कॅथरीनच्या पावणेतीनशे वर्षं आधीची ही फिलिपा निघाली. लँकेस्टरच्या ड्यूकची थोरली मुलगी, पोर्तुगालच्या पहिल्या जुआंवची राणी. कॅथरीन ही तिचीच वंशज. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, हिच्या वाटेनं एकदा जायचं. जन्म, लग्न, संसार, मरण, कबर, याच क्रमानं.

तिचे वडील जॉन ऑफ गाँट, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा. लँकेस्टरची दौलत मात्र तिच्या आईकडून, ब्लँशकडून आली होती. फिलिपा आठ-नऊ वर्षांची असतानाच आई गेली. वडिलांनी मुलींना सांभाळायला ठेवलेली बाई कॅथरीन स्विनफर्ड पुढे त्यांची रखेल झाली, आणि फार उशिरा, १३९६ मध्ये, लग्नाची बायको. मधल्या काळात, १३७१ मध्ये, त्यांनी कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका जुन्या राज्याच्या, कॉन्स्टन्सशी लग्न केलं आणि बायकोच्या हक्कावर स्वतःला कास्तीलचा राजा म्हणवून घेऊ लागले. तो मुकुट मिळवायला १३८६ च्या जुलैमध्ये प्लिमथहून आरमार निघालं. सैन्याबरोबर बायको होती, मुलीही होत्या. फिलिपा तेव्हा सव्वीस वर्षांची. राजघराण्यातल्या मुलींची लग्नं बारा-चौदाव्या वर्षी उरकण्याचा तो काळ. हिच्यासाठी स्थळं पाहिली गेली आणि बारगळली.

भाची म्हणाली, ‘मावशी, सव्वीस म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.’ मी काही बोलले नाही. तिच्या आईनं मला कानात काय सांगून पाठवलंय, ते तिला माहीत आहे.

दुसरा दिवस, पोर्तो

विमानतळावरून थेट साउं बेंतु स्टेशन गाठलं. गाडी पकडायची नव्हती, भिंती पाहायच्या होत्या. स्टेशनच्या दालनात निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशांची मोठमोठी चित्रं आहेत, जवळजवळ वीस हजार फरशा. जॉर्ज कोलासूनं ही चित्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवली. त्यातलं एक आमचं: जुआंव आणि फिलिपा घोड्यांवर बसून पोर्तोत येत आहेत, भोवती लोकांची गर्दी.

खालून माणसं बॅगा ओढत गाडीला धावत होती. मी मान वर करून उभी. या गावात त्यांचं लग्न झालं, फेब्रुवारी १३८७ मध्ये. फर्नांव लोपिश हा बखरकार त्याचं वर्णन करतो: दोघं पांढऱ्या घोड्यांवर, अंगात जरीची वस्त्रं, डोक्यावर रत्नं जडवलेले सोन्याचे मुकुट. आपल्याकडच्या वरातीची आठवण यावी असं. पण त्या आधीची हकिगत मला जास्त लागली. लग्न ठरलं ते नोव्हेंबर १३८६ मध्ये, उत्तर सीमेवर पोन्त दु मोरु नावाच्या पुलापाशी, तिचे वडील आणि जुआंव यांच्या भेटीत. तिथे मुलूख वाटून घ्यायचं ठरलं, सैन्य किती, कुठल्या बाजूनं शिरायचं ते ठरलं, आणि याच सगळ्यात फिलिपाही ठरली. त्या वर्षीच्या मे महिन्यात विंडसरला इंग्लंड-पोर्तुगाल तह झाला होता. त्यावर शिक्का हवा होता, तो शिक्का म्हणजे ही मुलगी.

मग तिला पोर्तोला बिशपच्या वाड्यात आणून ठेवलं. नवरा मुलगा दुसऱ्याच कामात. उपासाचा काळ तोंडावर आला, त्यात लग्न लागणार नाही, असं लक्षात आल्यावर तो घाईनं घोडा दामटत आला. शिवाय तो आव्हीश या धार्मिक लष्करी संघाचा प्रमुख, म्हणजे ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला. पोपची रीतसर परवानगी हातात यायला पुढे काही वर्षं गेली. कॅथलिक मुलीला, तीही इतक्या देवभोळ्या, या गोष्टीची धास्ती वाटली नसेल का? लग्न झालंय की नाही, मुलं औरस की नाही, हा प्रश्न डोक्यावर टांगलेला ठेवून तिनं पहिली बाळंतपणं केली.

संध्याकाळी सेच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, टेकडीवर चढलो. दगडी, जाड, किल्ल्यासारखी इमारत. आतला गॉथिक ओवऱ्यांचा चौक जुआंवच्या काळातला, भिंतींवरच्या फरशा मात्र पुढच्या, अठराव्या शतकातल्या. माझ्या वसईतल्या पडक्या चर्चच्या कमानी तिथे मला जागोजाग दिसत होत्या. छप्पर असलेलं वसईचं चर्च कसं दिसत असेल ते इथे कळतं.

उतरायच्या घरी मालकीणबाईंनी किल्ली दिली आणि ‘शाव्ह’ म्हणाल्या. भाची माझ्याकडे बघून हसली. चावीच ती. न्हाणीघरात साबण होता, जेवायला पाव होता, बटाटा होता. भाषेतल्या या पाहुण्यांनी आपल्या घरात कधीच मुक्काम टाकलाय, त्यांच्या गावी जाऊन भेटल्यावर उगाचच नात्यातलं वाटतं.

तिसरा दिवस, पोर्तोच

सकाळी नदीकाठी ‘काझा दु इन्फांत’ पाहिलं. जुनी जकात-कचेरी. फिलिपाचा मुलगा एनरिक, ज्याला जग नाविक हेन्री म्हणून ओळखतं, तो ४ मार्च १३९४ रोजी या घरात जन्मला असं परंपरा सांगते.

दुपारी हट्टानं ‘त्रिपश’ मागवलं. आपली वजडीच ती, पांढऱ्या घेवड्यात शिजवलेली. पोर्तोची माणसं स्वतःला अभिमानानं वजडीखाऊ म्हणवतात. १४१५ मध्ये आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं सेउता जिंकायला आरमार सजलं तेव्हा गावानं चांगलं मांस सगळं खारवून जहाजांवर चढवलं आणि स्वतःसाठी वजडी ठेवली, अशी त्यांची गोष्ट. आमच्या घरी रविवारी वजडी व्हायची, आई ती निगुतीनं साफ करायची. इथे मसाला सौम्य, जिऱ्याचा वास येतो. ताट चाटून पुसून संपवलं.

आईचा विषय निघालाच. माझी आई धारवाडकडची. लग्न होऊन वसईला आली तेव्हा तिला मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. पुढे आजीचे टोमणे परतवण्याइतकी तरबेज झाली. पण पैसे मोजायची ते कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. बाजारात, दुधाच्या हिशेबात, अगदी शेवटपर्यंत दवाखान्यात गोळ्या मोजतानाही. फिलिपा पोर्तुगीज कधी शिकली, किती शिकली, मोजायची कुठल्या भाषेत, हे मी पोर्तोच्या त्या टेबलाशी बसून मनाशी घोळवत राहिले. तिची जी पत्रं उरली आहेत ती इंग्लंडमधल्या दरबारी फ्रेंचमध्ये आहेत. इंग्लंडला ती परत कधीच गेली नाही. वडिलांची कास्तीलची मोहीम फसली, त्यांनी पैसे घेऊन हक्क सोडला आणि ते निघून गेले. धाकटी सावत्र बहीण कॅटलिना त्याच तहात कास्तीलच्या युवराजाला दिली. म्हणजे एका बापाच्या दोन मुली, दोन वैरी दरबारांत. पुढे १४११ मध्ये पोर्तुगाल आणि कास्तील यांच्यात आयल्योनचा तह झाला तेव्हा कास्तीलकडून अज्ञान राजाच्या वतीनं कारभार बघत होती ती हीच कॅटलिना. इतिहासाच्या पुस्तकात त्या तहाला एक ओळ मिळते. बहिणींना त्यातला अर्धा शब्दही मिळत नाही.

चौथा दिवस, सिंत्रा

पोर्तोहून लिस्बनला रात्रीच आलो होतो. सकाळच्या गाडीनं सिंत्रा. गर्दी सगळी डोंगरावरच्या रंगीत राजवाड्याकडे जाते. आम्ही गावातल्याच जुन्या राजवाड्यात शिरलो, ज्याच्या स्वयंपाकघराची दोन पांढरी, शंकूसारखी धुराडी लांबून दिसतात. तेहतीस मीटर उंच. आत उभं राहून वर पाहिलं की विहिरीत उलटं पाहिल्यासारखं वाटतं. हा मधला भाग आणि ही मुदपाकखाना जुआंवच्या वेळची. इथे डुआर्ते, पेद्रू, एनरिक ही पोरं वाढली.

हंसांच्या दालनाच्या छतावर सत्तावीस हंस आहेत, गळ्यात सोन्याचे मुकुटासारखे पट्टे. हंस हे फिलिपाच्या भावाचं, पुढे इंग्लंडचा चौथा हेन्री झालेल्या बोलिंगब्रोकचं चिन्ह. छत नंतर दुरुस्त झालेलं असलं तरी माहेरचा हंस सासरच्या छतावर बसलाय, हे पाहून बरं वाटलं.

शेजारी मॅगपाय पक्ष्यांची खोली. छतावर एकशे छत्तीस पक्षी, प्रत्येकाच्या पायात गुलाब, चोचीत पट्टी आणि पट्टीवर ‘पोर बें’. हे जुआंवचं बोधवाक्य: भल्यासाठी, चांगल्या मनानं. गाइड इथे थांबून सगळ्यांना एक दंतकथा सांगतो. राजा एका दासीचं चुंबन घेताना राणीनं पकडला, तो म्हणाला ‘पोर बें’, मनात काही वाईट नाही. दरबारातल्या बायका कुजबुजायला लागल्या, म्हणून त्यानं जितक्या बायका तितके बडबडे पक्षी छतावर रंगवून घेतले. सगळे हसले. मला ही गोष्ट मुळीच आवडली नाही. तीत राजा बोलतो, बायका बडबडतात आणि राणी दारात उभी. तिच्या तोंडी एक शब्द नाही.

आणि तिलाही बोधवाक्य होतं. ‘इल मे प्ले.’ फ्रेंचमध्ये. मला रुचतं. मला पसंत आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला सोडत नाही. पुलापाशी मुलूख वाटताना जिला वाटून टाकलं, ती म्हणते मला पसंत आहे! हे खरं म्हणायचं की पढवलेलं? की नाइलाजाच्या गोष्टीवर आपलं नाव घालून ती आपली करून घेण्याची रीत? मुलगी बघायला पाहुणे येतात, ‘मुलीला पसंत आहे ना?’ असं आतल्या खोलीत विचारतात, आणि ती मान हलवते. ती मान काय म्हणते ते आतल्या खोलीतल्या बायकांना माहीत असतं. आई नेहमी सांगायची, ‘मला विचारलं होतं. मी हो म्हणाले.’ आणि मग थोड्या वेळानं, ‘नाही म्हणायचं असतं हे कुठे ठाऊक होतं?’ पण याच आईनं वडील आजारी पडले तेव्हा चौदा महिने त्यांचा हात सोडला नाही. ती पसंती कधी आणि कशी आली हे मला कधीच विचारता आलं नाही.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून भाचीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आईला सांग, मी अजून विचार करतेय.’ सांगेन म्हटलं.

पाचवा दिवस, ओदिवेलस आणि बेलें

ओदिवेलसला कोणी पर्यटक जात नाही. लिस्बनच्या मेट्रोची पिवळी लाइन तिथे संपते, मग थोडं चालत जुन्या गावात. साउं दिनिशचा मठ, १२९५ मध्ये राजा दिनिशनं स्थापन केलेला, त्याची कबरही इथेच. आम्ही बाहेरच्या चौकात झाडाखाली बसलो. शेजारच्या घरात कोणीतरी मासे भाजत होतं.

या मठात जुलै १४१५ मध्ये ती गेली. लिस्बनमध्ये प्लेग होता. आफ्रिकेच्या उत्तर टोकावरच्या सेउतावर चालून जायची तयारी त्या वेळी पूर्ण झाली होती, बंदरात जहाजांची दाटी. दरबार साकावेंला हलला होता, तिथे तिला प्लेगनं गाठलं आणि मग इथे आणलं. पंचावन्न वर्षांची होती. पुढचं वर्णन झुरारा या बखरकारानं लिहून ठेवलंय. तिनं थोरल्या तिघांसाठी तीन तलवारी करवून घेतल्या होत्या. राजा सेउतात त्यांना सरदारकी देईल तेव्हा याच तलवारींनी द्यावी म्हणून. अंथरुणातून तिनं त्या एकेक करून दिल्या. डुआर्तेला म्हणाली, तू राजा होशील, प्रजेला न्याय दे. पेद्रूला म्हणाली, बायका-मुलींचं रक्षण कर. एनरिकला सांगितलं, सरदार, शिलेदार तुझ्या हवाली. मग बाहेर वारा सुटला. तिनं विचारलं, कुठला वारा? उत्तरेचा, मुलं म्हणाली. तुमच्या प्रवासाला हाच चांगला, ती म्हणाली, आणि सांगितलं, संत याकोबाच्या सणाला तुम्ही निघाल.

संत याकोबाचा सण २५ जुलैला. तिच्या मृत्यूनंतर आठवडाभरात, त्याच दिवशी, आरमार निघालं. सुतक आवरतं घेतलं, काळे कपडे उतरवून ठेवले. २१ ऑगस्टला सेउता पडलं.

डुआर्तेची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला झुराराच्या वर्णनापेक्षा मोठी वाटते. तो बावीस वर्षांचा असताना बापानं सेउताच्या तयारीत राज्यकारभार त्याच्यावर टाकला, आणि त्या ओझ्याखाली त्याला खोल उदासीनं घेरलं. मरणाचं भय, सतत. पुढे राजा असताना त्यानं हे स्वतः लिहून ठेवलं, पंधराव्या शतकात, स्वतःच्या मनाच्या आजाराबद्दल, लाज न बाळगता. आणि तो लिहितो की ते दुखणं सुटायला सुरुवात झाली ती आईच्या आजारपणात. तिच्या उशाशी बसलेला असताना त्याला स्वतःचा विसर पडला. असं लिहू शकणारा मुलगा ज्या घरात तयार झाला, ते घर या परक्या बाईनं घडवलं होतं. पोर्तुगीज या मुलांना ‘इन्क्लिता जेरासाउं’, थोर पिढी, म्हणतात. थोरपण मला माहीत नाही, पण ती पुस्तकं वाचणारी, पत्रं लिहिणारी, एकमेकांशी मनातलं बोलणारी भावंडं होती, आणि राजघराण्यात ही गोष्ट दुर्मीळ.

उत्तरेचा वारा त्या चौकातही होता. ऑक्टोबरात अंगावर शाल घ्यावी लागली.

दुपारी तेजु नदीच्या काठी बेलेंला आलो. तिथे शोधयात्रांचं स्मारक आहे, १९६० मध्ये दगडात बांधलेलं, जहाजाच्या नाळेसारखं पुढे झुकलेलं. टोकाला एनरिक, मागे दोन्ही बाजूंनी चढत येणारी माणसं. एकूण तेहतीस. त्यात बाई एकच. पश्चिमेच्या बाजूला, मागच्या टोकाकडे, गुडघ्यावर बसलेली फिलिपा. पूर्वेच्या बाजूला गेलो तर वास्को द गामा, आफोन्सू द आल्बुकर्क, संत फ्रान्सिस झेवियर. ज्यांच्या नावांनी माझं सगळं शिकवणं भरलेलं होतं ती माणसं तिच्या मुलाच्या मागे ओळीनं उभी.

इथे माझ्या मनात जे आलं ते स्पष्टच लिहिते. सेउतापासून ती वाट सुरू झाली. १४४४ मध्ये एनरिकच्या आश्रयानं लागुश बंदरात आफ्रिकेतून पकडलेली दोनशे पस्तीस माणसं उतरवून वाटून घेतली. फिलिपाच्या पणतवाच्या, मॅन्युएलच्या, राज्यात गामा कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा घेतलं. मॅन्युएलच्या मुलाच्या राज्यात, १५३४ मध्ये, वसई. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती परत घेईपर्यंत दोनशे पाच वर्षं. तलवारी देताना तिनं हे काही पाहिलं नव्हतं, पाहूही शकत नव्हती. पण तलवारी तिनं दिल्या. त्या हातांबद्दल मला माया वाटते आणि त्या तलवारींबद्दल वाटत नाही. दोन्ही घेऊन मी नदीकडे बघत उभी राहिले. भाचीनं फोटो काढला, त्यात माझा चेहरा रडवेला आलाय. तो तसाच ठेवलाय.

सहावा दिवस, बातल्या

लिस्बनहून बसनं दोन तास. ‘बातल्या’ म्हणजे लढाई. १४ ऑगस्ट १३८५ रोजी इथून जवळ आल्जुबारोताची लढाई झाली. कास्तीलच्या कितीतरी मोठ्या सैन्याला जुआंवच्या थोड्या माणसांनी, सोबतीला इंग्रज तिरंदाज घेऊन, हरवलं. त्या नवसाचा हा मठ. आधी टॅक्सीनं रणभूमीवर, साउं जॉर्जला गेलो. तिथे सेनापती नुनु आल्व्हारिश परेरानं १३९३ मध्ये बांधलेलं छोटं देऊळ आहे. त्या दिवशीच्या उन्हात सैनिक तहानेनं कासावीस झाले होते, त्याची आठवण म्हणून तिथे पाण्याचा मडका भरून ठेवायची प्रथा आहे. रणभूमीवरची पाणपोई. मी बाहेरूनच नमस्कार केला.

मग मठ. लोणकढ्या तुपाच्या रंगाचा दगड, आणि त्यावर इतकं नाजूक काम की उन्हात तो हलल्यासारखा दिसतो. उजव्या हाताला संस्थापकाचं चॅपल, दुसरा वास्तुकार ह्युगे यानं बांधलेलं. मधोमध अष्टकोनी उंच छत, ताऱ्यासारखं, रंगीत काचांमधून लाल-निळा प्रकाश जमिनीवर. आणि त्या छताखाली एकच मोठी कबर, दोघांची. राजा-राणीची अशी जोडकबर पोर्तुगालमधली ही पहिली. तिला आधी ओदिवेलसला पुरलं होतं, १४१६ मध्ये इथे आणलं. तो १४३३ मध्ये आला.

कबर इतकी उंच आहे की खालून चेहरे दिसतच नाहीत. पायांचे तळवे, वस्त्राची एखादी घडी, वरच्या दगडी छत्रांच्या कडा, एवढंच. मी चारही बाजूंनी फिरले, टाचा उंचावल्या. शेवटी भाची बाहेरच्या दुकानातून एक पोस्टकार्ड घेऊन आली, वरून काढलेल्या फोटोचं. तो चिलखतात. ती लांब झग्यात, एका हातात पुस्तक. आणि दोघांचे दुसरे हात एकमेकांत. सहाशे वर्षं धरलेले.

कबरीच्या कडेनं पानांची नक्षी आहे आणि त्या पानांतून अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. पोर बें. इल मे प्ले. पोर बें. इल मे प्ले. मी बोटानं हवेत गिरवत गेले. तो म्हणतो भल्यासाठी, ती म्हणते मला रुचतं. सिंत्राच्या छतावर तो एकटाच बोलत होता. इथे तिचं वाक्य त्याच्या शेजारी त्याच उंचीवर कोरलंय.

दक्षिणेच्या भिंतीत धाकट्या चार मुलांच्या कबरी ओळीनं आहेत. पेद्रू, एनरिक, जुआंव आणि फर्नांदु. डुआर्ते मठाच्या मागच्या अंगाला, अपुऱ्या राहिलेल्या चॅपलांत आहे, छताविना, उघड्या आभाळाखाली. तोही बायकोचा हात धरून. प्रत्येक भावाचं आपापलं फ्रेंच बोधवाक्य दगडात आहे. एनरिकचं म्हणतं, भलं करायची इच्छा. गर्दी त्याच्यापाशी.

फर्नांदुपाशी कोणी नव्हतं. शेंडेफळ, १४०२ चा. आई गेली तेव्हा बारा वर्षांचा, त्याला तलवार मिळाली नव्हती. १४३७ मध्ये एनरिकच्या आग्रहानं तांजिएरवर स्वारी झाली, ती फसली, आणि सैन्य सुटावं म्हणून फर्नांदु ओलीस राहिला. मागणी एकच होती, सेउता परत द्या. सेउता दिलं नाही. डुआर्ते वर्षभरात गेला. फर्नांदु १४४३ मध्ये मोरोक्कोतल्या फेझच्या कैदेत मेला.

त्याचं वाक्य वाचायला मी चष्मा पुसून अगदी जवळ गेले. ‘ले बिअँ मे प्ले.’ भलं मला रुचतं. बापाचा एक शब्द आणि आईचा एक शब्द घेऊन त्यानं आपलं वाक्य केलं होतं.

भाची शेजारी येऊन उभी राहिली. ‘मावशी, शेवटची बस साडेपाचला आहे.’ पाच मिनिटं म्हटलं. तिनं घड्याळ पाहिलं, आणि मग माझ्या पर्समधला तो पोस्टकार्डाचा कागद काढून, खालून न दिसणारे हात कुठे असतील तिकडे तो धरून, किती उंचीवर आहेत ते मला दाखवत राहिली.